महाराजांच्या दारी कडू घास

मरणाची बातमी मोबाईलवर आली तेव्हा मला आनंद झाला, असं लिहिणं बरं दिसत नाही. पण मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, बरं दिसायचे माझे दिवस गेले. आनंद झाला. मग मेलेल्याचं वय आठवलं, अजून पन्नाशीही गाठली नव्हती बिचाऱ्यानं, आणि मीच माझ्या तोंडावर हात ठेवला. पण झाला होता तो झालाच होता.

बातमी सुनेनं वाचून दाखवली. 'परमपूज्य महाराजांचे सुपुत्र आज दुपारी देहभावातून मुक्त झाले. आत्म्याला मरण नाही. उद्या सकाळी आश्रमात आनंद-सत्संग होईल. कृपया कोणीही रडू नये. हार, फुले व अन्न आणू नये.' खाली जोडलेले हात आणि दोन कमळं.

"कोणी रडू नये, हे पुन्हा वाच."

सुनेनं पुन्हा वाचलं.

"अन् अन्न?"

"आणू नका म्हन्ते."

"तुरीच्या डाळीचा डबा काढ."

सून माझ्याकडे बघतच राहिली. "आत्याबाई, तुमी जाऊन राह्यल्या का काय तिथं? त्या बुढ्याचं नाव काढलं तरी तुमी थुंकता."

"थुंकाले नाई चालली. जेवू घालाले चालली."

वाशीमच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे ज्या घरी मरण होतं त्या घरची चूल पेटत नाही. माहेरचे, सोयरे, शेजारी रांधून आणतात. ज्वारीची भाकर, बिनाफोडणीचं तुरीचं वरण आणि वर कडुनिंबाचं पान. हा कडू घास. तो आधी घरातल्या कर्त्या माणसाच्या तोंडात जातो, त्यानं गिळला की मग बाकीचे जेवतात. तोवर सगळं घर उपाशी. घास गिळला म्हणजे त्यानं मान्य केलं की आपल्या घरचं माणूस गेलं. तोंडानं माणूस काहीही बोलतो. गिळताना खोटं बोलता येत नाही.

आणि मला त्या म्हाताऱ्याला एक वाक्य परत द्यायचं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यानं ते माझ्या घरात, माझ्या खाटेवर बसून मला दिलं होतं. ते त्याच्याच घरात, त्याच्याच तोंडावर मारायचं, एवढ्यासाठी मी डाळ निवडायला बसले.

तेव्हा महाराज महाराज नव्हते. शाळेतली नोकरी सोडून नुकतेच बोलायला लागलेले. काळी दाढी, आणि आवाज असा की ऐकताना पाठ आपोआप ताठ व्हायची. शेलूबाजारला आमच्या मंदिरात बाजाराच्या दिवशी दुपारी ते अद्वैत सांगायचे. दोन नाहीतच, सगळं एकच आहे, ते एक म्हणजे तूच आहेस, आणि तुला काही होत नाही. जे होतं ते दिसण्यापुरतं. बायका ऐकून घरी जायच्या आणि वांगी चिरायला लागायच्या. मी एकटीच अशी, की मला ते कळलं.

कळलं म्हणजे काय, तर मी सातवी पास होते. गल्लीत माझ्याइतकी शिकलेली दुसरी सून नव्हती आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. त्यात आता मी ब्रह्म झाले. तेव्हाची ती मी आज मला भेटली ना, तर तिची वेणी धरून मी तिला विहिरीभोवती फिरवीन.

एकदा दूध उतू जात होतं आणि मी चुलीपुढे बसून शांतपणे पाहत होते.

"व माय, दूध चाल्लं ना!" सासूबाई ओरडल्या.

"दूध चाल्लं, मी नाई चालली," मी म्हटलं. "मी निसती पाहून राह्यली."

"तेच तं इचारून राह्यली मी, पाहून काहून राह्यली? उतरव ना!" असं म्हणून त्यांनी हातातलं फडकं फेकून मारलं. फडकं मला लागलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. दुसरं फडकं लागलं.

नवऱ्याचं तर विचारूच नका. वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं. तो म्हणाला, मीठ नाही. मी विचारलं, "मीठ कोणाले लागते, हे पाह्यलं का तुमी कधी?" तो म्हणाला, "ज्याले भाजी लागते त्याले," आणि स्वतः उठून मिठाचा डबा घेऊन आला. त्याला मी अज्ञानी समजत होते. महाराज मात्र मंदिरात सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही पोर लवकर पोचेल." कुठं पोचेल ते मी विचारलं नाही. कौतुकाचा पत्ता कोण विचारतं?

माझी लेक चार वर्षांची होती. ताप आला. वाशीमला नेली, तिथून परत आणली ती चादरीत गुंडाळून. इथं मी थट्टा करणार नाही.

माती देऊन माणसं परत आली आणि थोड्या वेळात महाराज आले. सोबत त्यांची बायको होती, माझ्याच वयाची, कधी मोठ्यानं न बोलणारी. ती उंबऱ्याशी बसली, ते खाटेवर. माझ्या पोटातून काहीतरी वर येत होतं, उलटी यावी तसं. गल्लीतल्या बायका माझ्या गळ्यात पडायला सरसावल्या. महाराजांनी हात वर केला. बायका थांबल्या.

"कोण मेलं?" त्यांनी मला विचारलं.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"जे जन्मलंच नाही ते मरेल कसं? इतके दिवस ऐकलंस ना? मग सांग. कोण मेलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"पाहा," ते बायकांकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात समज."

आणि मला अभिमान वाटला. पोटचं पोर मातीत ठेवून तास झाला नव्हता आणि मी वर्गात पहिली आले होते. वर येत होतं ते तिथंच थांबलं, गळ्याच्या खाली, आणि बसलं.

तेवढ्यात माझी आई आली. जऊळक्याहून दोन गाड्या बदलून आली होती, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, हातात फडक्यात बांधलेला डबा. माहेरचा कडू घास. ती रडत रडत आत येणार, तर महाराज म्हणाले, "माई, हे वापस न्या. इथं कोणी मेलं नाही."

आई माझ्याकडे पाहायला लागली. मी हसले. असं हलकं, वरून पाहणाऱ्याचं हसू, मंदिरात शिकलेलं. आईनं डबा तसाच उचलला आणि गेली. माझा नवरा गोठ्यात होता. बैलाच्या मानेवर डोकं ठेवून तो मोठमोठ्यानं रडत होता. त्याच्याकडे समज नव्हती म्हणून तो वाचला.

माझं मात्र रडू गेलं ते गेलं. सासूबाई गेल्या, नाही आलं. आई गेली तेव्हा माझ्या भावजयीनं मला चिमटा काढला, लोक पाहताहेत, जरा रड. डोळ्याला पदर लावून मी बसले. नाटकातल्या बायकादेखील माझ्यापेक्षा बऱ्या रडतात. आणि जिथं रडू बसलं होतं तिथं हळूहळू राग साचला. तो सोपा होता. त्याला उठता-बसता कामाला लावता येत होतं.

महाराजांचा मठ तोवर मोठा झाला होता, कामरगावच्या अलीकडे शेतात, कमान, गाड्या लावायला जागा. मी विचार करायला लागले, या माणसाला खरंच काही कळलं होतं का? की त्याला कळलं होतं आणि मलाच नाही? हे शोधायचं तर दुसऱ्यांशी ताडून बघावं लागतं. आमच्या तुरीचं पोतं बाजारात गेलं की व्यापारी पोत्याचं तोंड पाहत नाही. तोंडाशी चांगला माल कोण भरत नाही? तो पोकळ लोखंडी सळई पोत्याच्या पोटात खुपसतो, आणि आतला माल तळहातावर घेऊन पाहतो. अद्वैताचं पोतं तोंडाशी सगळ्यांचं सारखंच असतं. एकच आहे, दोन नाही, तू तेच. म्हणून मी एक सळई केली. माझी सळई म्हणजे एक प्रश्न. जो कोणी भेटेल त्याला मी तोच विचारायचे: 'माझी लेक गेली. मी रडू की नको?'

वाशीमला एक स्वामी आले. त्यांचं म्हणणं, जग झालेलंच नाही. माझा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "बाई, स्वप्नात लेक झाली, स्वप्नात गेली. जागी हो." तेवढ्यात भोंगा किंचाळला. स्वामी माईकवाल्यावर ओरडले, "गाढवा, अक्कल आहे का?" मी पुढच्याच रांगेत होते. मी म्हटलं, "स्वामीजी, जग नाई झालं तं गाढव कसं झालं?" मला दोन सेवकांनी हाताला धरून बाहेर काढलं. तेही झालेलं नव्हतं म्हणायचं.

कारंज्याकडचे एक बुवा होते, त्यांचं उलट. जग खोटं नाही, जग म्हणजे तोच. "लेक पण तोच, ताप पण तोच, माय, तुझे डोळे पण तोच," असं म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, सापडला. मग कीर्तन संपल्यावर मी पाहिलं, तांड्यावरची एक बाई, ऊसतोडीला निघालेली, कडेवर तापलेलं लेकरू, त्यांच्या गाडीशी आली आणि म्हणाली, मंगरूळपर्यंत बसू द्या. बुवा म्हणाले, जागा नाही. मागच्या सीटवर त्यांची हार्मोनियमची पेटी बसली होती. पेटी पण तोच, म्हणून मी काही बोलले नाही. त्या बाईला मी माझ्यासोबत काळीपिवळीत बसवलं आणि बुवांचं नाव मनातून खोडलं.

पुण्याच्या नातीनं मोबाईलवर एक दाखवला. मऊ आवाज, मागे समुद्र. तिनं माझा प्रश्न टाईप करून पाठवला आणि त्यानं खरोखर उत्तर दिलं: त्या दुःखाकडे बघणारं कोण आहे, ते बघा. मी म्हटलं, "हे मी दुधाजवळ करून पाह्यलं. सासूनं फडकं मारलं." नात हसून हसून आडवी झाली. "आजी, ते वेगळं गं," म्हणाली. कसं वेगळं ते तिला सांगता आलं नाही. समुद्रवाल्यालाही नसतं आलं.

एकच पोतं निराळं निघालं. मंगरूळपीरला संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक सर होते. खडूस माणूस. चहा दिला तर बशीभर. शेजाऱ्याशी भिंतीवरून त्यांची कोर्टात केस चालू होती आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्याचा खोकला आला तरी ते चिडायचे. मी प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा काढला.

"तिचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. तुम्हाला सांगणार नाही.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "रडायचं होतं. अजून रडायचं असेल तर रडा. तुम्ही आणि ती दोन नाही आहात, म्हणून तर इतकं दुखतं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, जे महाराजांनी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द, जन्मलं नाही ते मरत नाही. पण यावेळी ते ऐकताना मला माझी लेक दिसत होती. महाराजांच्या तोंडून ऐकताना ती पुसली जात होती. वाक्य एकच, आणि दोन माणसांच्या तोंडी दोन वाक्यं.

मला ते फार सोपं वाटलं म्हणून मी त्यांनाही सळई टोचली. "सर, सगळं एकच हाय तं मंग ती भिंत?"

त्यांनी शेजाऱ्याच्या घराकडे पाहिलं, आणि जरा लाजले. "ते अज्ञान आहे माझं," ते म्हणाले. "तेवढं शिल्लक आहे. खोटं कशाला बोलू?"

खरा माल असा ओळखायचा, हे मला कळलं. खडा निघाला तर तो माणूस खडा म्हणतो. मोती म्हणत नाही.

मी सरांना विचारलं, की महाराजांचा सूड घ्यावा की नाही. ते म्हणाले, सोडून द्या. मी म्हटलं, सर, तुमची भिंत सोडा, मी माझा महाराज सोडते. मग आम्ही दोघांनी बशीभर चहा घेतला आणि तो विषय संपला.

तर अशी मी, वरणाचा डबा मांडीवर घेऊन, सुनेला शेजारी बसवून कामरगावच्या वाटेला लागले. वाटेत सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी तिथं काय बोलणार हे मले आता सांगा. मंग मी आधीच गाडीपाशी उभी राहतो."

"एकच वाक्य. छोटं हाय."

"तुमचं छोटं मले माहीत हाय."

कमानीपाशी पांढऱ्या सदऱ्यातला सेवक उभा होता. त्यानं डबा पाहिला. "माताजी, अन्न नाई आणाचं होतं. मेसेज टाकला होता नं."

"बापा, तुमच्या महाराजांच्या हिशोबानं यात अन्न नाई. खाणारा बी नाई. मंग तुले कायची अडचण होऊन राह्यली?"

त्यानं थोडा विचार केला. त्याला उत्तर सापडेपर्यंत आम्ही आत.

मांडव भरलेला. प्लास्टिकच्या खुर्च्या, चार कोपऱ्यांत चार भोंगे. स्टेजवर महाराज. दाढी आता कापसासारखी, पाठ वाकलेली, पण आवाज तोच. खांद्यावरच्या शालीला एक चिमुकला माईक लावलेला, त्याची वायर कमरेला लावलेल्या बिनतारी डबीत. म्हणत होते, "कोण गेलं? कोणी आलंच नव्हतं." लोक डोळे मिटून मान हलवत होते. मी स्टेजकडे गेले नाही. कडू घास आधी घरात जातो. मी मागल्या बाजूनं घराकडे वळले.

आत वैनी, म्हणजे त्यांची बायको, भिंतीला टेकून बसलेली. डोळे कोरडे. दोन शिष्या तिच्या दोन्ही बाजूंनी 'आनंद, आनंद' म्हणत पंख्यानं वारा घालत होत्या. मेलेल्या मुलाची बायको डॉक्टरनं गोळी देऊन निजवलेली. दारातूनच दिसलं, की चूल थंड आहे. शिष्येनं मला कुजबुजून सांगितलं, की महाराज कालपासून चूल पेटवा म्हणताहेत आणि माताजी पेटवू देत नाहीत. सगळं घर कालपासून उपाशी. बिस्किटंसुद्धा तिनं आत येऊ दिली नव्हती.

वैनीनं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणलं का?"

"आणलं."

"फोडणी?"

"नाई देल्ली."

"तुझी माय आल्ती तवा मी उंबऱ्यापाशीच होतो," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. "तिनं डबा उचलला अन् माझ्या पायाजवळून गेली. मले वाटलं, उठावं, धरावं तिले. नाई उठली मी."

मी तिथं वाक्य घेऊन आले होते. पण मी डबा खाली ठेवला आणि तिच्या गळ्यात पडले, जसं आमच्याकडे पडतात. आणि आधी कोण रडलं, ते मला सांगता येत नाही. बहुतेक मीच. ते वर आलं. इतक्या वर्षांनी, चुकीच्या घरात, दुसऱ्याच्या मरणाला. मी माझ्या लेकीला हाक मारली, ती तिच्या लेकाला, आणि आम्ही दोघी असं रडलो, की शिष्यांचे पंखे थांबले. एकीनं 'माताजी, आनंद' म्हणून पाहिलं. वैनी म्हणाली, "चूप बस व."

बाहेरचे भोंगे गप्प झाले. मग पावलं. महाराज दारात आले.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले, आणि हेच शब्द मागे मांडवात चार भोंग्यांतून मोठ्यानं घुमले: हे काय चाललंय. शालीवरच्या माईकचा बारका हिरवा दिवा पेटलेला होता. स्वतःचा आवाज भोंग्यातून ऐकायची इतक्या वर्षांची सवय, त्यांच्या लक्षात नव्हतं. शिष्या त्यांच्या पायांकडे पाहत होत्या. माझ्या लक्षात आलं. मी सांगितलं नाही. माझ्या जन्मात मी इतकी शहाण्यासारखी कधी गप्प बसले नसेन.

"महाराज," मी म्हटलं, "कडू घास आणला. कर्त्यानं घ्याचा असते. घर कालपासून उपाशी हाय."

त्यांनी मला ओळखलं. ओळखल्याचं लपवायला त्यांना वेळ लागला. "घास कोणाला? भूक कोणाला?"

बाहेर भोंगा म्हणाला, भूक कोणाला.

मी श्वास घेतला. वाक्य जिभेवर आलेलं होतं. चाळीस वर्षं मी ते कसं म्हणायचं याची तालीम केली होती. कधी हळू, कधी ओरडून, कधी त्याच्याच आवाजाची नक्कल करून. मी तोंड उघडलं.

"त्याईले राहू द्या," वैनी म्हणाली. "त्याईले भूक नाई."

आणि तिनं डबा उघडला, भाकर मोडली, वरणात बुडवली, कडुनिंबाचं पान त्यात धरलं, आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. आमच्याकडे कर्ता पुरुष जिवंत असताना असं कुणी करत नाही. शिष्यांनी श्वास रोखले. माझी सून दारामागे 'अगं बाई' म्हणाली. वैनी चावत होती, डोळ्यांतून धार, आणि चावत होती. मग दुसरा घास तिनं मला भरवला. मग शिष्यांना म्हणाली, "खा व पोरीहो, उपाशी मरून राह्यल्या." त्या पोरी अशा तुटून पडल्या, की मला वाटलं, डबा दोन आणायला हवे होते.

महाराज दारातच उभे. त्यांची नजर भाकरीवर. काल दुपारपासून उपाशी म्हातारा माणूस. त्यांच्या गळ्यातली घाटी वर-खाली झाली, ते मी नीट पाहिलं. मी त्यांना घास दिला नाही. देऊ शकत होते. दिला नाही.

"मलाही थोडं," ते शेवटी म्हणाले. अगदी हळू. पण भोंग्याला हळू कळत नाही.

वैनीनं मान वर केली.

"कायले?" ती म्हणाली. "कोण मेलं?"

माझं वाक्य. माझं जपलेलं, धार लावलेलं वाक्य, आणि ते दुसरीनंच वापरून टाकलं. खरं सांगते, क्षणभर मला तिचा राग आला.

महाराजांनी तोंड उघडलं. सवयीनं काहीतरी येणार होतं, मला ते ओठांवर दिसत होतं. मग ते ओठ तसेच थांबले, आणि त्यांनी आपल्या मुलाचं नाव घेतलं. घरातलं नाव, लहानपणचं, हाक मारायचं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा ते नाव राहिलं नाही, नुसता आवाज झाला, आणि ते उंबऱ्यावरच खाली बसले. वैनीनं घास केला आणि त्यांच्या तोंडात घातला.

त्यांना त्या घडीला काही कळलं का, ते मला विचारू नका. पोटातला माल काढून पाहायची माझी सळई मी घरी विसरले होते, आणि त्या म्हाताऱ्याला मी माफ केलं असंही कुणी समजू नये. तिच्या घरचा घास गिळला गेला. माझ्या आईनं जऊळक्याला परत नेला तो नेलाच.

मी हात धुतले, रिकामा डबा घेतला, आणि मांडवातून बाहेर निघाले. शेकडो माणसं खाली माना घालून बसलेली. चारी भोंग्यांतून एका म्हाताऱ्याचं हुंदके देणं आणि मधूनमधून भाकर चावणं, मोठ्यानं, स्पष्ट. कुणी हलत नव्हतं. एक-दोन बायकांनी पदर तोंडात कोंबला होता. मग एकीनं तो काढला आणि सरळ रडायला लागली.

सुनेनं माझा दंड धरला. "आत्याबाई, माईक चालू हाय ना त्याईचा. सांगा ना कोणाले तरी. सगळे ऐकून राह्यले."

"ऐकू दे," मी म्हटलं, आणि मागच्या रांगेत एक खुर्ची ओढून बसले.